हिकिकोमोरी आणि ओताकू: बंद दारामागची दोन वेगळी माणसं

मंडळी, मागच्या महिन्यात व्याख्यान संपवून आम्ही दाराशी चपला शोधत होतो, तेव्हा एका बाईंनी हातात एक चिठ्ठी दिली आणि त्या थांबल्या नाहीत. चिठ्ठीवर नाव नव्हतं. मजकूर एवढाच: मुलगा चोवीस वर्षांचा आहे, चौदा महिने घराबाहेर पडलेला नाही, जेवणाचं ताट खोलीच्या दाराशी ठेवावं लागतं, दिवसरात्र जपानी कार्टून बघतो. तर त्या कार्टूनमुळेच त्याला हे झालं का?

आज आम्ही खरं तर कांटच्या नीतिविचारावर बोलणार होतो. कांट काही पळून जात नाही. म्हणून आज ही चिठ्ठी घेऊ.

चिठ्ठीत दोन गोष्टी एकमेकींना बांधून आल्या आहेत. एक, मुलानं दार बंद केलं. दुसरी, त्याला जपानी चित्रपटांचं वेड आहे. योगायोग असा की या दोन्हींसाठी खुद्द जपानी भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, आणि जपानी समाजानंसुद्धा पुष्कळ वर्षं त्यांची गल्लत केली. त्या गल्लतीची किंमत काही घरांनी फार मोठी मोजली. म्हणून आधी शब्द नीट वेगळे करू.

पहिला शब्द हिकिकोमोरी. 'हिकु' म्हणजे ओढणं, मागे घेणं. 'कोमोरु' म्हणजे आत बसून राहणं, कोंडून घेणं. मराठीत आपल्याकडे घरकोंबडा आहे, एकलकोंडा आहे, माणूसघाणा आहे. पण हे सगळे स्वभावाचे शब्द झाले. घरकोंबडा माणूस कुरकुरत का होईना, भाजी आणायला जातो, लग्नाला येऊन कोपऱ्यात बसतो. हिकिकोमोरी हा स्वभाव नसून अवस्था आहे. तामाकी साइतो नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९९८ साली यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि हा शब्द जपानमध्ये घरोघरी पोचला. त्यांची व्याख्या साधी आहे: सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ घरात कोंडून घेणं, समाजातल्या कुठल्याच व्यवहारात भाग न घेणं, ही सुरुवात साधारण तिशीच्या आत झालेली असणं, आणि दुसरा एखादा मनोविकार हे त्याचं मुख्य कारण नसणं. हा शेवटचा भाग विसरू नका, त्याकडे आपण परत येणार आहोत.

आकडे मोठे आहेत. जपान सरकारच्या मंत्रिमंडळ कार्यालयानं २०१० साली १५ ते ३९ वयोगटाची पाहणी केली, तेव्हा अंदाज आला सुमारे ७ लाखांचा. मग लक्षात आलं की पहिल्या पिढीतली मुलं चाळिशी ओलांडून गेली आहेत आणि तरी आतच आहेत. २०१९ मध्ये ४० ते ६४ या गटाचा वेगळा अंदाज जाहीर झाला, तो ६ लाख १३ हजारांचा. आणि २०२३ मध्ये दोन्ही वयोगट मिळून सुमारे १४ लाख ६० हजार. तिकडे आता '८०५०' असा शब्दप्रयोग आहे. ऐंशीचे आईबाप आणि पन्नाशीचं, खोलीतलं मूल. चाळिशीपुढच्या गटात तर निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रिया निघाल्या. आधी त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या, कारण बाई घरात बसली तर तिला घरगुती म्हणतात. आपल्याकडेही तेच होईल, मुलगी बाहेर पडत नाही म्हणून कोण चिठ्ठी लिहितो?

लोकांनी या अवस्थेची कारणं काय सांगितली? नोकरी सुटणं, माणसांशी न जमणं, आजारपण, शाळा सुटणं, अलीकडे कोविडची साथ. बाईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता दुसरा शब्द, ओताकू. याची गंमत अशी की याचा शब्दशः अर्थ 'आपलं घर'. समोरच्याच्या घराचा आदरानं उल्लेख करायचा, आणि त्यातूनच 'आपण' असं त्याला संबोधायचं. कॉमिक्स आणि ॲनिमेचे शौकीन तरुण एकमेकांना 'अरे-तुरे' न करता असं अवघडून 'आपण, आपण' म्हणायचे, म्हणून १९८३ साली अकिओ नाकामोरी नावाच्या लेखकानं एका मासिकात त्यांची टिंगल करताना त्यांनाच हे नाव चिकटवलं. कल्पना करा, आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर दोन मुलं एकमेकांना 'आपण काल कोणता भाग पाहिलात?' असं विचारतायत! पण ही मुलं घरात बसलेली नव्हती हो. १९७५ च्या डिसेंबरात तोक्योत या शौकिनांनी आपापली हातानं काढलेली मासिकं विकायला एक बाजार भरवला. तो कोमिकेत आजही भरतो आणि आता लाखो माणसं तिथे येतात. रांगेत उभी राहतात, विकतात, घेतात, गप्पा मारतात. याला समाजापासून तुटणं कसं म्हणायचं?

मग गल्लत झाली कुठे? १९८९ साली तोक्योच्या परिसरात लहान मुलींचे खून करणारा एक तरुण पकडला गेला. त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या. ती खोली टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. झालं. ज्याच्या खोलीत कॅसेटचे ढीग, तो संशयित. पुढे २००० साली एका सतरा वर्षांच्या मुलानं बस पळवून एका प्रवासी स्त्रीचा जीव घेतला, तेव्हा 'हिकिकोमोरी' हा शब्दही गुन्ह्याच्या बातम्यांत आला. दोन्ही शब्द एकाच काळ्या पिशवीत पडले.

आणि या भीतीनं काय केलं, ते सांगतो. २०१९ च्या मे महिन्यात कावासाकी शहरात एका एकलकोंड्या माणसानं शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांवर सुऱ्यानं हल्ला केला. त्यानंतर चारच दिवसांत तोक्योत एका शहात्तर वर्षांच्या बापानं आपल्या चव्वेचाळीस वर्षांच्या मुलाला ठार मारलं. हे गृहस्थ कृषी खात्याचे निवृत्त सचिव, परदेशात राजदूत राहिलेले. मुलगा घरात असायचा, ऑनलाइन गेम खेळायचा, आईबापांवर हातही उचलायचा. शेजारच्या शाळेतला मुलांचा आवाज त्याला सहन होईना, तेव्हा हाही कावासाकीसारखं काही करील अशी भीती वाटली, असं बापानं पोलिसांना सांगितलं. मुलानं शाळेवर हल्ला केलेला नव्हता. घरातल्या मारहाणीला बाप कंटाळला होता हेही खरं, पण शेवटचा धक्का टीव्हीवरच्या बातमीनं दिला.

इथे एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ज्या साइतोंनी १९९८ साली हिकिकोमोरीवर पुस्तक लिहिलं, त्यांनीच दोन वर्षांनी, २००० साली, ओताकूंवर दुसरं पुस्तक लिहिलं. तेच डॉक्टर, तीच मनोविश्लेषणाची बैठक, आणि निष्कर्ष वेगळे. पहिल्या पुस्तकात ते म्हणतात, ही माणसं अडकलेली आहेत, त्यांना आणि त्यांच्या घराला मदत हवी. दुसऱ्यात त्यांचं म्हणणं असं की ओताकू आजारी नाहीत. काल्पनिक आणि खरं यांतला फरक त्यांना कळत नाही, हा बाहेरच्यांचा समज चुकीचा; उलट कल्पिताच्या एका थरातून दुसऱ्यात ये-जा करण्यात ते पटाईत असतात.

यात नवल वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांच्या काळात नाटकवेड्या मराठी माणसांना समोरची भामिनी म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष आहे, हे काय ठाऊक नव्हतं? पूर्ण ठाऊक होतं. तरी घरोघरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या आणि पुरुष मंडळी कर्ज काढून तिकिटं घेत. आणि लोकलमध्ये दोन अनोळखी माणसांपैकी एकानं पु. लं.च्या अंतू बर्व्याचं नाव काढलं की दुसरा पुढचं वाक्य घडाघडा म्हणतोच. हिरोकी आझुमा नावाच्या जपानी तत्त्वचिंतकानं २००१ साली लिहिलं की आजच्या ओताकूला अखंड कथेपेक्षा सुटे तुकडे हवे असतात, आणि ते तुकडे तो एखाद्या साठ्यातून काढून जुळवत बसतो. वाचताना आम्हाला आमचा पु. ल.-वेडा मित्रच आठवला.

फरक कुठे पडतो? मराठीत दोन शब्द आहेत: व्यासंग आणि नाद. समाजाला जे मान्य असतं त्याचं वेड म्हणजे व्यासंग, आणि मान्य नसतं त्याचं वेड म्हणजे नाद. आपल्या वसईच्या किल्ल्यात रविवारी सकाळी जा. पाठीला पिशव्या लावलेली पोरं दिसतील. कुठला बुरुज, कुठला दरवाजा, १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांचा मोर्चा कुठे होता, कुठल्या शिलालेखातलं अक्षर झिजलंय, सगळं तोंडपाठ. त्यांच्यातलीही काही मुलं लग्नकार्यात गप्पच असतात, पण किल्ल्याचा विषय काढा, तासभर थांबत नाहीत. आपण त्यांना 'दुर्गप्रेमी' म्हणून शाल देतो. द्यायलाच हवी. मात्र तोच मुलगा एखाद्या जपानी मालिकेतल्या तलवारींचे सोळा प्रकार सांगू लागला की आपण म्हणतो, नाद लागला. मन तेच, लागण्याची रीत तीच.

आता आम्ही आमची स्वतःची एक चूक सांगणार आहोत. ज्यांच्या घरातली गोष्ट आहे त्यांना विचारून सांगतोय, काही तपशील बदलले आहेत.

आमच्याच इमारतीतला मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला केट्या लागल्या, मग कॉलेज सुटलं, मग मित्र सुटले, मग जिना उतरणंही सुटलं. खोलीत भिंतभर चित्रं. त्याचे वडील एका रात्री आमच्याकडे आले. चर्चगेटला नोकरी, सकाळी सहाची गाडी, घरी यायला नऊ. म्हणाले, "सर, तुम्ही इतकी मुलं पाहिलीत, काय करू?" आम्ही तीस वर्षं मुलांना तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा सल्ला द्यायला आम्हाला किती वेळ लागणार? आम्ही म्हटलं, वायफाय काढून टाका. दोन दिवस कंटाळेल, तिसऱ्या दिवशी आपोआप बाहेर येईल.

त्यांनी काढलं. मुलगा बाहेर आला नाही. आधी तो रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात यायचा, ते थांबलं. ताट आई दाराशी असेपर्यंत उचलेना. पुष्कळ उशिरा कळलं की त्या वायफायवर त्याची माणसं होती. एक नाशिकचा, एक गुवाहाटीची, एक फिलिपिन्समधला. चौघं मिळून एका मालिकेवर चित्रं काढायचे, एकमेकांची चित्रं सुधारायचे, भांडायचे. दीड वर्षात त्या मुलाला ज्यांच्याशी बोलावंसं वाटत होतं अशी ही तीनच माणसं उरली होती, आणि आमच्या सल्ल्यानं ती तोडली गेली.

साइतोंच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर २०१३ साली आलं, ते आम्ही या प्रकारानंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

त्यात त्यांनी तीन वर्तुळं काढली आहेत. एक व्यक्तीचं, एक कुटुंबाचं, एक समाजाचं. निरोगी स्थितीत ही वर्तुळं एकमेकांना चिकटलेली असतात, त्यांच्यातून देवाणघेवाण चालू असते. हिकिकोमोरीच्या घरात ती सुटी होतात. मुलगा घरच्यांशी बोलत नाही हे आपल्याला दिसतं. पण त्याच वेळी घरचे लोक बाहेरच्यांशी बोलेनासे होतात, हे दिसत नाही. पाहुणे आले तर काय सांगायचं, म्हणून पाहुणेच नकोत. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला आई एकटी जाऊन लवकर परत येते. दार मुलानं आतून लावलेलं असतं, आणि घरानं त्यावर बाहेरून दुसरी कडी घातलेली असते.

या कडीला जपानीत नाव आहे, सेकेनतेई. 'सेकेन' म्हणजे आजूबाजूची माणसं, चार लोक. 'सेकेनतेई' म्हणजे त्या चारचौघांपुढची आपली शोभा. आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला इथे थोडं भरकटू द्या. 'सेकेन' हा शब्द जपानला चिनी बौद्ध ग्रंथांतून मिळाला, आणि तिथे तो 'लोक' या आपल्या संस्कृत शब्दाचं भाषांतर म्हणून आला. म्हणजे 'लोक काय म्हणतील' यातला जो 'लोक', तोच बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांतून चीनमार्गे जपानला जाऊन पोचलाय! त्याच घराण्यातला दुसरा शब्द 'शुस्से': मूळ अर्थ लोकाच्या पलीकडे जाणं, लोकोत्तर होणं. आजच्या जपानीत त्याचा अर्थ झालाय नोकरीत वर चढणं. बुद्धानं घर सोडलं त्याला जो शब्द, तोच आता प्रमोशनला.

आपल्याकडे ही बाहेरची कडी कशी दिसते? महाराष्ट्रात तिचं एक फार सभ्य रूप आहे: "तो स्पर्धा परीक्षा देतोय." एमपीएससी करतोय, सीए करतोय. हजारो मुलं खरोखरच देतात, पुण्यात अभ्यासिकांतून बारा-बारा तास बसतात, त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही. पण एखाद्या घरात हे वाक्य सहा वर्षं चालू असतं आणि मुलानं गेल्या तीन वर्षांत अर्जसुद्धा भरलेला नसतो. आईला ठाऊक असतं. शेजाऱ्यांना अंदाज असतो. वाक्य मात्र सगळे मिळून सांभाळतात, कारण त्या वाक्यामागे अब्रू आहे. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास आर्थिक फुगा फुटला, त्यानंतर दहा-बारा वर्षं कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना पक्क्या नोकऱ्या मिळेनात. त्या पिढीतली बरीच माणसं आज पन्नाशीची होऊन खोलीत आहेत. नोकरी नसण्याची लाज तिकडे जशी दाराआड गेली, तशी इकडे ती परीक्षेच्या पुस्तकांआड जाते.

भारतात हिकिकोमोरी आहेत का, असा प्रश्न पूर्वी विचारला जायचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिका या चारही देशांत या व्याख्येत बसणारी माणसं सापडली. तेव्हा 'हे जपानचं खूळ' म्हणून हात झटकता येत नाहीत.

पण आपल्याकडे हे आत्ता का दिसू लागलंय? आमचं उत्तर थोडं वेडगळ वाटेल: कारण आता खोल्या आहेत. आमचं लहानपण गिरगावच्या चाळीतलं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. तिथे एखाद्याला कोंडून घ्यायचं तर घेणार कुठे? नळ बाहेर, संडास बाहेर, गॅलरी सगळ्यांची. नापास झालेला, नोकरी गेलेला, प्रेमभंग झालेला, प्रत्येक जण दिवसातून दहा वेळा चाळीसमोरून जाणारच. त्याला खोली नव्हती, म्हणून तो नाक्यावर जायचा. भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' त्या नाक्यावरच्याच पोरांचं. १९६३ साली आलेली नेमाड्यांची 'कोसला' आठवा. नावातच कोष आहे. पुण्याचं शिक्षण फसल्यावर पांडुरंग सांगवीकर गावी परततो, आतून पार मिटलेला. पण गाव त्याला खोलीत राहू देत नाही. गावातल्या त्याच्यासारख्याच रिकाम्या मंडळींत तो जाऊन बसतो. कोष आहे, पण दार नाही. चाळीत सगळं छान होतं असं कृपया समजू नका. १९८२ च्या संपानंतर गॅलरीत दिवसभर कठड्याला टेकून बसलेले गिरणी कामगार आम्ही पाहिले आहेत. सगळ्यांना दिसत होते आणि कुणाशी बोलत नव्हते. दिसणं म्हणजे भेटणं नव्हे.

मग गिरगाव, परळ, लालबागहून आपण इकडे आलो. नालासोपारा, विरार, वसई. वन बीएचके, पुढे टू बीएचके. घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा मुलाला स्वतःची खोली मिळाली, आतून कडी असलेली. ती आईबापांच्या कष्टांची कमाई आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. तिचीच आज त्यांना भीती वाटते. वडील चर्चगेटपर्यंतच्या साठ किलोमीटरवर दिवस घालवतात. जपानमध्येही असंच: बाप कंपनीत, आई आणि मूल घरात. ताकेओ दोई या मनोविकारतज्ज्ञांनी १९७१ साली 'आमाए' या शब्दावर पुस्तक लिहिलं. आमाए म्हणजे समोरचा आपले लाड करणारच, सांभाळून घेणारच, असं धरून चालणं. आपल्याकडे लाडात येणं म्हणतात ते थोडंफार हेच. आमाएनं नाती घट्ट होतात. पण घरात आई एकटीच उरली, की लाड पुरवण्याचं आणि पुरवून घेण्याचं चक्र दोघांनाच पुरून उरतं. तिसरं कुणी त्यात शिरत नाही.

मागे एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं होतं, सर, आपल्या परंपरेत तर एकांताला मान आहे, तुकोबा नाही का डोंगरावर जाऊन बसले? बसले. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, माणसं गेली, त्यानंतर ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. आणि जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढायची अशी कथा आहे. ताट तिथेही होतं! पण त्यांच्या एकांतात कुणीतरी होता, ज्याच्याशी ते बोलत, भांडत. आणि ते कीर्तनाला खाली उतरत. खोलीतल्या मुलाला बहुतेक वेळा बाहेर यायचंच असतं. येता येत नाही, आणि जितके दिवस जातात तितकं ते अवघड होतं, कारण आता बाहेर येऊन 'इतके दिवस कुठे होतास' याचं उत्तर द्यावं लागणार असतं. एकांत माणूस निवडतो. इथे निवड संपलेली असते.

आता बाईंच्या प्रश्नाचं राहिलेलं निम्मं उत्तर. २०१० च्या ज्या पाहणीचा उल्लेख केला, त्यात ७ लाखांचे तुकडे पाडले होते. त्यातले ४ लाख ६० हजार लोक असे होते, की जे एरवी घरातच असतात पण आपल्या छंदाचं काही काम असलं तर बाहेर पडतात. जवळजवळ दोनतृतीयांश! यावरून कुणी म्हणेल, बघा, हे सगळे छंदिष्टच. आम्ही ते उलट वाचतो. नोकरी, नातेवाईक, लग्नकार्य यांतलं काहीही ज्यांना उंबऱ्याबाहेर काढू शकलं नाही, त्यांना एका छंदानं काढलं. २०१९ साली आपल्याकडे मकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा जपानी चित्रपट थिएटरात लागला तो चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली म्हणून. हजारो मुलांनी सह्या केल्या आणि मग रांगा लावल्या. रांगेत उभं राहणं ही केवढी मोठी सामाजिक गोष्ट आहे, हे ज्याचा मुलगा वर्षभर जिना उतरला नाही त्यालाच कळेल.

तेव्हा बाई, कार्टूननं दार लावलेलं नाही. मुलानं आत जाताना ते सोबत नेलं असेल, आणि बहुधा तुमच्या हाताशी असलेली ती एकच दोरी आहे. ती कापू नका, आम्ही कापायला सांगितली होती तशी.

मात्र एक तपासणी आधी. साइतोंच्या व्याख्येतला शेवटचा भाग आठवा. मुलगा एकटाच कुणाशी तरी बोलतो का, कुणी आपल्या वाईटावर आहे असं म्हणतो का, अंघोळ-जेवण-झोप पार सुटली आहे का, मरणाची भाषा करतो का? यातलं काही असेल तर छंद, वर्तुळं सगळं बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तो आजार वेगळा असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत. मुलगा येत नसेल तर तुम्ही दोघं जा. साइतोंसह बहुतेक जाणकार हेच सांगतात की सुरुवात आईबापांपासून होते, मूल पुष्कळ नंतर येतं. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते आहे, आपल्याला लांब नाही. आणि फोनच करायचा तर १४४१६, सरकारची टेलिमानस सेवा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. एकदा बाहेरच्या एका माणसाला खरं सांगितलंत, की बाहेरची कडी निघते.

बाकी करायचं ते फार मोठं नाही. दारावरून जाताना रोज एक वाक्य बोला, ज्याला उत्तर लागत नाही असं. "बाहेर पाऊस आलाय." "मी बाजारात चालले." शर्माजींच्या मुलाला पॅकेज मिळालं, हे सांगू नका. हातखर्चाला ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला द्या. पैसे तोडून कुणी बाहेर आल्याचं फारसं दिसत नाही. आणि तुम्ही स्वतः घराबाहेर पडा, भजनी मंडळात जा, बहिणीकडे राहून या. जपानमध्ये शाळा सोडलेल्या मुलांसाठी केइको ओकुची या एका आईनं १९८५ साली 'तोक्यो शूरे' ही जागा सुरू केली, नुसती येऊन बसायची जागा. 'इबाशो' म्हणतात त्याला, जिथे आपण असलेलो चालतो अशी जागा. पूर्वी आपल्याकडे घराचा ओटा होता, गावचा पार होता. आज वसई-विरारमध्ये इतक्या इमारती उभ्या राहिल्या, सोसायट्यांनी क्लब हाउस बांधले, पण पंचवीस वर्षांच्या मुलानं काहीही न करता दोन तास बसावं आणि 'सध्या काय करतोस' असं त्याला कुणी विचारू नये, अशी जागा आम्हाला एकही सांगता येत नाही. तुम्हाला माहीत असली तर व्याख्यानानंतर जरूर सांगा.

आमच्या इमारतीतल्या मुलाचं काय झालं, असं तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. वायफाय परत आलं. आम्ही एका संध्याकाळी त्याच्या दारापाशी खुर्ची टाकून बसलो आणि म्हटलं, बाबा, तुझं वायफाय आम्ही काढायला लावलं होतं, चुकलं आमचं. आतून उत्तर आलं नाही. पंखा बंद झाल्याचा आवाज आला, म्हणजे ऐकत होता. त्यानंतर जवळजवळ वर्षानं तो नाशिकच्या मित्राबरोबर मुंबईला कॉमिक कॉनला जाऊन आला, आणि आल्यावर पुन्हा तीन आठवडे दार बंद. आता रात्री अकरानंतर तो खाली पार्किंगमध्ये मांजरांना खायला घालायला येतो. आम्हाला झोप कमीच, कधीकधी आम्हीही खाली उतरतो. मांजरांविषयी बोलतो. परवा त्यानं आम्हाला एका पात्राचं नाव सांगितलं, ते आम्हाला तीनदा विचारावं लागलं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती, बारीक अक्षरात: ताट दाराशी ठेवत जाऊ की बंद करू? बाई, ठेवत जा. आणि जमलं तर तुमचंही ताट घेऊन दाराच्या अलीकडे बसा.